गलतीकरांस पत्र भाष्यासह वाचताना

बायबलच्या नव्या करारातले, गलतियातल्या (आजच्या तुर्कस्तानातला भाग) ख्रिस्ती मंडळ्यांना पौलाने लिहिलेले हे पत्र: सहा अध्याय, १४९ ओव्या (वचने). मोठ्याने वाचले तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपते, म्हणून भाष्य उघडण्याआधी मी पत्र एका बैठकीत, मधली उपशीर्षके गाळून वाचतो. उपशीर्षके छापणाऱ्यांची असतात. ओव्यांचे आकडेही १५५१ सालचे. अभिवादनानंतर पौल एरवी देवाचे आभार मानतो (फिलिप्पैकरांस १:३ पाहा). इथे १:६ (पहिला अध्याय, सहावी ओवी) पासून थेट खरडपट्टीच सुरू होते.

दुसऱ्या वाचनात सुरुवात ६:११-१८ पासून. ख्रिस्ती झालेल्या परराष्ट्रीयांनी सुंता करून घ्यावी असा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू पौल सर्वांत उघडपणे तिथे सांगतो, आणि शेवटच्या अध्यायापर्यंत वाचक थकलेला असतो.

भाष्याची प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. पत्राचा काळ कुणी इ.स. ४८ च्या सुमाराचा मानतात, कुणी पन्नाशीच्या मध्याचा. गलतिया म्हणजे रोमी प्रांत धरला, तर इकुन्या, लुस्त्र, दर्बे ही दक्षिणेची गावे त्यात येतात आणि लवकरची तारीख शक्य होते. उत्तरेच्या पठारावरचे मूळ गलती लोक धरले, तर पत्र उशिराचे ठरते. मग २:१-१० मधली पौलाची यरुशलेमभेट ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या ११:३० मधली की १५ व्या अध्यायातली, हा वाद येतो. भाष्यकार प्रस्तावनेत एक बाजू घेतो आणि पुढे तीच गृहीत धरतो. १:१८ मधली तीन वर्षे व २:१ मधली चौदा वर्षे आधी स्वतः कागदावर मांडून पाहिली की त्याचा निर्णय तपासता येतो. नकाशाही जवळ हवा: केफाशी (म्हणजे प्रेषित पेत्राशी) पौलाचा खटका उडाला ते अंत्युखिया सूरियातले, पिसिदियातले नव्हे.

रोज पाच-सहा ओव्या पुरतात. आधी त्यांचा मुद्दा एका वाक्यात वहीत, मग भाष्य. उलट केले की वहीत भाष्याचीच नक्कल उतरते. २:१४ पाशी सुरू झालेले केफाला उद्देशून बोलणे नेमके कुठे संपते, हेही आधी स्वतः ठरवावे; मूळ हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती.

सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या अध्यायाला द्यावा. ३:६-१४ या नऊ ओव्यांत जुन्या करारातल्या पुस्तकांची सहा शास्त्रवचने आहेत: उत्पत्ती १५:६ व १२:३, अनुवाद २७:२६, हबक्कूक २:४, लेवीय १८:५, अनुवाद २१:२३. प्रत्येक उघडून वाचा. शब्द तंतोतंत जुळत नाहीत, कारण आपला जुना करार मुख्यतः इब्री पाठावरून आला आहे, तर पौलाची अवतरणे बहुधा ग्रीक भाषांतराच्या जवळची आहेत. ३:१७ मधल्या ४३० वर्षांचेही तेच. निर्गम १२:४० च्या इब्री पाठात ती मिसरातल्या वास्तव्याची. ग्रीक पाठात कनानातला काळही त्यात धरलेला. यावर एक ओळही न लिहिणारे भाष्य मी बाजूला ठेवतो.

सुंतेचा आग्रह धरणाऱ्या विरोधकांचे स्वतःचे लिखाण आपल्यापुढे नाही. त्यांचे म्हणणे पौलाच्या उत्तरातूनच ताडायचे. ४:१०, ५:२-३, ६:१२ इथे आधार भक्कम आहे. १:१० वरून ‘पौल लोकांची मर्जी राखतो असा त्यांचा आरोप होता’ असे म्हणणे हा अंदाज. भाष्यात असे विधान ओवीच्या आकड्याशिवाय आले, की समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवावे.