देणाऱ्याचा चेहरा

मे महिन्यातला पहिला सोमवार उलटला की मंगळवारी सकाळी फोन उघडायची सोय राहत नाही. जिकडे तिकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्या, पायऱ्यांवर झगे, आणि झग्यांचे घोळ सावरत मागून येणारी माणसं. एका वर्षी एक गायिका चक्क पेटतं झुंबर होऊन आली होती. माझी भाची चहा गार होईपर्यंत एकेक फोटो मोठा करून बघते. मी ‘काय हा उतमात’ असं पुटपुटत तिच्या खांद्यावरून सगळे फोटो बघून घेते.

‘‘अगं मावशी, हे सगळं चॅरिटीसाठी असतं.’’

‘‘असं? कुणासाठी?’’

‘‘कपड्यांसाठी!’’

तिचं बरोबर आहे. या म्युझियममध्ये जुन्या पोशाखांचा एक विभाग आहे आणि त्याने आपला खर्च आपण भागवायचा असा तिथला रिवाज. त्यासाठी १९४८ मध्ये पन्नास डॉलर तिकिटाचं एक मध्यरात्रीचं जेवण सुरू झालं. तेच आजचं मेट गाला. २०२५ मध्ये एका माणसाचं तिकीट होतं ७५ हजार डॉलर, आणि जमले ३ कोटी १० लाख. म्हणजे झोळी फिरते आहे, झोळीत भरभरून पडतं आहे, पण दुसऱ्या टोकाला ना कुणी भुकेला, ना कुणी आजारी. तिथे आहेत हँगरला लावलेले कपडे. उघड्याला वस्त्र द्यावं हे ऐकलं होतं. इथे वस्त्रालाच दान.

तरी मला या समारंभाचा राग येत नाही. एक कुतूहल मात्र दरवर्षी वाटतं. द्यायचेच आहेत तर गुपचूप चेक पाठवून ही मंडळी घरी का नाही बसत? एवढं नटायचं, कॅमेऱ्यापुढे वळून पाठ दाखवायची, मग आत जाऊन जेवायचं, हे सगळं देण्याला कशाला लागतं?

२०१८ साली हा प्रश्न फार गमतीदार झाला. त्या वर्षीचा विषय होता फॅशन आणि कॅथलिक कल्पनाविश्व. व्हॅटिकनने पोपच्या खास कपाटातल्या चाळीसेक वस्तू प्रदर्शनासाठी उसन्या दिल्या. रिहाना डोक्यावर पोपसारखा उंच मुकुट घालून आली, केटी पेरीने पाठीला सहा फुटी पंख लावले, प्रियांका चोप्राने सोनेरी शिरोवस्त्र घेतलं. न्यूयॉर्कचे खरेखुरे कार्डिनलही आपल्या नेहमीच्या वेशात हजर होते आणि त्या गर्दीत तेच जरा साधे दिसत होते. प्रदर्शनाला पुढे साडेसोळा लाखांवर लोक आले. म्युझियमच्या इतिहासात तोवर एवढी गर्दी कशाला झाली नव्हती.

थट्टा झाली, टीकाही झाली. देवाधर्माचा बाजार मांडलाय म्हणून लोक चिडले. पण ज्या जुन्या चित्रांवरून हे पोशाख सुचले ती चित्रं जरा जवळून बघितली तर तिथे वेगळं काय चाललं होतं?

याच म्युझियमची एक शाखा मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला आहे, क्लॉइस्टर्स नावाची. ते प्रदर्शन तिथेही पसरलेलं होतं. तिथे साधारण १४३० च्या आसपासचं, रॉबेर काँपँच्या चित्रशाळेतलं एक लहानसं चित्र आहे, तीन फळ्यांचं. मधल्या फळीवर मेरी पुस्तक वाचत बसली आहे आणि तिच्या पोटी येशू जन्मणार हा निरोप घेऊन देवदूत आला आहे. उजवीकडे तिचा नवरा जोसेफ आपल्या सुतारकामात गर्क, उंदराचे सापळे करतोय. आणि डावीकडे अंगणात एक नवराबायको गुडघे टेकून बसलेत. चित्राचे पैसे देणारे ते हेच. समोरचं दार किलकिलं आहे आणि नवरा त्यातून आत डोकावतोय. सृष्टीतली एवढी मोठी घटना घडते आहे आणि हा गृहस्थ दारातून बघतोय, कारण बिल त्याने भरलं आहे. बायको तर मूळ चित्रात नव्हतीच, मागाहून रंगवून घेतली. बहुधा मधल्या काळात लग्न झालं असावं. आता पुण्य मिळवायचं तर जोडीने, एकट्याने कसं?

इटलीतल्या पादुआचा एनरिको स्क्रोवेन्यी याहून धीट. त्याचा बाप व्याजबट्ट्यावर गब्बर झालेला. इतका की महाकवी दान्तेने त्याला नाव न घेता, नुसत्या घराण्याच्या चिन्हावरून ओळखू येईल असा नरकात नेऊन बसवला, गळ्यात पैशाची थैली अडकवून. मुलाने प्रार्थनामंदिर बांधलं आणि ते रंगवायला जोत्तो या चित्रकाराला आणलं. मंदिराचं काम चालू असताना शेजारच्या मठातल्या साधूंनी १३०५ मध्ये रीतसर तक्रार केली, की हे देवासाठी नाही, बडेजावासाठी आणि कमाईसाठी आहे. सातशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या कुठल्याही मंगळवारी सकाळी जशीच्या तशी फोनवर वाचायला मिळेल.

जोत्तोने मागच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवला. त्यात नरकाच्या बाजूला सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकलेत. आणि स्वर्गाच्या बाजूला, अगदी मोक्याच्या जागी, एनरिको गुडघ्यावर बसून मंदिराची छोटी प्रतिकृती मेरीला देतोय. प्रतिकृती जड, म्हणून एक धर्मगुरू ती खांद्यावर तोलून धरतोय. बापाचा धंदा उजवीकडे टांगलेला आणि मुलाची पावती डावीकडे, एकाच भिंतीवर!

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं म्हणा. कार्ल्याच्या लेण्यात खांबाखांबांवर देणाऱ्याचं नाव कोरलंय, आणि तिथला एक शेठ तर आपलं लेणं साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचं दगडात लिहून गेलाय. चेहरा असो की नाव, काहीतरी मागे ठेवल्याशिवाय माणसाच्या हातून थैली सुटत नाही.

पण या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या बोन गावी. तिथे दान, चित्र आणि थाटमाटाचा लिलाव हे तिन्ही एकाच वास्तूच्या पोटी जन्मले.

निकोला रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी. साध्या घरातला वकील, बुद्धीच्या जोरावर वर चढला आणि चाळीस वर्षं राज्याच्या किल्ल्या सांभाळता सांभाळता स्वतःचीही तिजोरी भरत गेला. इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध अजून धुमसत होतं, लुटारू सैनिकांच्या टोळ्या मुलूख नासत होत्या. १४४३ मध्ये रोलँ आणि त्याची तिसरी बायको गिगोन द सालँ यांनी बोनमध्ये गरिबांसाठी रुग्णालय काढलं. पुढे फ्रान्सचा राजा अकराव्या लुईने म्हणे टोला हाणला, की इतक्यांना गरीब केल्यावर त्यांना ठेवायला घर बांधणं त्याला भागच होतं. लुई म्हणाला असेल वा नसेल, पण गावात कुणीतरी हे म्हणालं असणारच.

रोलँचं दानपत्र वाचताना हसू येतं, कारण त्याने काहीच आडपडदा ठेवलेला नाही. नाशवंत संपत्ती देऊन त्याबदल्यात स्वर्गातली, कधी न संपणारी संपत्ती घ्यायची आहे, हा सौदा आहे आणि तो आपल्या आत्म्याच्या भल्यासाठी आहे, असं तो सरळ लिहितो. ‘समाजाचं ऋण फेडतोय’ वगैरे भाषा नाही. वकिलाने केलेलं खरेदीखतच ते. मला ही भाषा आजच्या मेट गालामधल्या भाषणांपेक्षा जास्त परवडते.

रुग्णालय मात्र बांधलं ते अव्वल. वर रंगीत कौलांची नक्षी. आत पन्नासेक मीटर लांबीची एकच सलग खोली, गरिबांची खोली. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा, एकेका खाटेवर दोघं आजारी. टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी. आणि तिथे वेदीवर रोजियर व्हान डर वेडनचं भलंमोठं चित्र, दारांसारखं उघडमीट होणारं.

एरवी चित्र मिटलेलं असे. मिटलेल्या दारांवर खाली दोन कोपऱ्यांत रोलँ आणि गिगोन गुडघे टेकून, हात जोडून. मध्ये साथीच्या रोगांत ज्यांचा धावा करायचा ते दोन संत, दगडी पुतळ्यांसारखे करड्या रंगात. म्हणजे आजाऱ्याला आठवडाभर दिसायचे ते मालक-मालकीण. रविवारी आणि सणावारी दारं उघडायची आणि आत शेवटचा न्याय. वर इंद्रधनुष्यावर येशू बसलेला, खाली जमिनीतून नागडी माणसं वर येताहेत, मधोमध पांढऱ्या झग्यात मायकेल हा देवदूत तराजू धरून उभा.

हे चित्र मी संगणकावर मोठं करून करून बघते. (खुद्द बोनलाही ते आता वेगळ्या खोलीत आहे, आणि पुढे एक मोठं भिंग सरकत असतं, म्हणजे ही हौस माझी एकटीची नाही.) तराजूच्या दोन पारड्यांत दोन चिमुकली माणसं. एकापाशी लिहिलंय पुण्यं, दुसऱ्यापाशी पापं. आणि खाली गेलंय ते पापांचं पारडं. मायकेलच्या चेहऱ्यावर राग नाही, कीव नाही. वजन करणारा माणूस जसा काट्याकडे बघतो तसा तो सरळ समोर, म्हणजे आपल्याकडे बघतोय. आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. या नरकात एकही सैतान नाही. कुणी ओढत नाही, काटे टोचत नाही. माणसं आपली आपणच, एकमेकांना ओढत, किंचाळत कड्यापर्यंत जाताहेत.

आणि सगळी नागडी. त्यातला चान्सलर कोण, गाडीवान कोण, ओळखायची सोय नाही. पुढे एका सोवळ्या काळात कुणाला ते सहन झालं नाही आणि त्या बिचाऱ्यांच्या अंगावर कपडे आणि ज्वाळा रंगवून टाकल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातलं पुष्कळसं खरवडून काढलं. वस्त्रदानाचा मोह असा जुनाच आहे.

याच रोलँचं आणखी एक चित्र पॅरिसला लूव्हरमध्ये आहे, यान व्हान आईकने काढलेलं. त्यात तो जरीचा झगा घालून मेरीच्या समोर बसलाय, तिच्याएवढाच मोठा, ओळख करून द्यायला सोबत एखादा संतही नाही. तज्ज्ञांनी रंगाखालचं रेखाटन तपासलं तेव्हा त्याच्या कमरेला एक भलीमोठी थैली निघाली. रंगवताना ती गाळलेली. कुणाच्या सांगण्यावरून ते कळायला मार्ग नाही, पण पादुआच्या भिंतीवरच्या लटकत्या थैल्या आठवल्या की अंदाज बांधता येतो. बोनच्या चित्रात मात्र रोलँ म्हातारा झालाय, जर गेली, काळपट कपडे आले. थैली पुसून घेणाऱ्या या माणसाने तराजू तसाच राहू दिला. पैसे त्याचे, चित्रकार त्याने आणलेला. म्हणाला असता तर पुण्याचं पारडं जड करून मिळालं असतं.

माझ्या लेखी फरक पडतो तो इथे. दिखाव्याचं मला काही वाटत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे बायबलचंच सांगणं, आणि त्याच बायबलच्या वेदीवर देणाऱ्यांनी आपली तोंडं रंगवून घेतली. गुप्तदानाच्या भरवशावर बसलं असतं तर बोनचे आजारी रस्त्यावरच गेले असते. पण जुना देणारा मिरवता मिरवता थोडा घाबरलेला असायचा. गुडघे टेकायचा, दाराबाहेर बसायचा, आपण दिलेल्या पैशातून आपल्याच झडतीचं चित्र काढून घ्यायचा. गालाच्या पायऱ्यांवर सगळं आहे, मुकुट आहे, पंख आहेत, सोनेरी शिरोवस्त्र आहे. फक्त तो तराजू कुणी उसना आणत नाही.

बोनच्या रुग्णालयाला लोक मृत्युपत्रात द्राक्षमळे देत गेले. आज साठेक हेक्टर आहेत. १८५९ पासून दर नोव्हेंबरात त्या वाइनचा लिलाव होतो आणि पैसा नव्या रुग्णालयाला नि जुन्या वास्तूला जातो. जुन्या वास्तूत १९७१ पर्यंत आजारी होते. वाइन तेव्हा जेमतेम काही आठवड्यांची असते, पिंपात अजून मुरायची असते. एक पिंप खास दुसऱ्या धर्मादाय कामांसाठी ठेवतात, त्याला नट, गायक असे पाहुणे अध्यक्ष. २०२२ मध्ये त्या एका पिंपाचे ८ लाख १० हजार युरो आले. टाळ्या, फोटो, जेवणावळी, सगळा गालाचाच थाट. व्यापारी येतात ते त्या वर्षीच्या बर्गंडीचा भाव कुठे जातोय ते बघायलाही. किफायतशीर सौदा ही रोलँचीच परंपरा, ती मंडळी इमानाने चालवतात.

गिगोन नवऱ्याच्या मागे आठ वर्षं जगली आणि १४७० मध्ये गेली. तिला तिथेच, त्या खोलीच्या टोकाला वेदीपाशी पुरलं.

त्या खोलीचं छत मात्र मला सगळ्यांत आवडतं. तुळयांची टोकं रंगीत मगरतोंडांनी गिळलेली, आणि मध्ये मध्ये लाकडात कोरलेली छोटी मुंडकी. ती म्हणे बोनमधल्या तेव्हाच्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याचा दोष दाखवणारं एकेक जनावर. समोरचं चित्र रविवारी उघडायचं, छत रोजच उघडं. खाटेवर उताणं पडलेल्याला वर बघण्यावाचून दुसरं काम काय? एका खाटेवर दोघं. त्यातला जरा बरा असलेला दुसऱ्याला कोपराने ढोसत असणार, ‘‘तो बघ, डुकराच्या बाजूचा. आपला सावकार. नाक तर हुबेहूब काढलंय.’’