पिकअपचे ब्रेक पॅड अंगणात बदलले

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणाला, घरातल्या बायका, भज्जीचं पातेलं आणि आंबिलीचा बिंदगा असं सगळं पिकअपमध्ये घालून शेतात नेलं, तेव्हाच पहिल्यांदा आवाज आला. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून चिर्रर्र. शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी उतरताना चुलती म्हणाली, "गाडी रडलालीय की रं." मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन चाकाच्या भोकातून बघितलं. पॅडवर मसाला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासून झिजणारा थर, चांगला पाच-सहा एमएम दिसत होता. नवा पॅड साधारण 10-12 एमएमचा येतो आणि 3 एमएमच्या आसपास आला की बदलायचा, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, अजून एक हंगाम जाईल. त्याच रात्री 30 गोण्या कांदा भरून सोलापूरला निघालो. तुळजापूरचा घाट उतरायला लागलो आणि चिर्रर्रचं खर्रर्र झालं, लोखंडावर लोखंड घासावं तसं. वर स्टेअरिंग उजवीकडं ओढायला लागलं. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर गाडी धरून कसाबसा खाली आलो. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू दिले.

परत आल्यावर मिस्त्रीला फोन केला. त्याच्याकडं दोन ट्रॅक्टर उघडून पडलेले, चार दिवस थांब म्हणाला. कांदा काढून वावरात पडलेला, चार दिवस कसे थांबणार? ट्रॅक्टरची फिल्टरं, पट्टे मी घरीच बदलतो. हे काही वेगळं नसेल असं वाटलं. दोन्ही बाजूंचा मिळून चार पॅडचा सेट आणला. एकाच चाकाचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते, म्हणून जोडीनंच बदलायचे. सोबत ब्रेकच्या पिनांचं ग्रीस घेतलं. ट्रॅक्टरच्या डब्यातलं साधं ग्रीस इथं चालत नाही, त्यानं रबर फुगतं.

अंगणात सपाट जागा बघून गाडी लावली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅक चढवल्यावर जोर लावला तर गाडी हलते. नुसत्या जॅकवर मी गाडीखाली हात घालत नाही. चेसीखाली बाभळीचा जाड ओंडका दिला आणि काढलेलं चाकही खालीच आडवं सरकवलं. आबा ओट्यावर बसून बघत होते. "विटा लाव की," म्हणाले. वीट वजनानं कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून नको म्हटलं.

पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला आणि तारेनं स्प्रिंगला बांधला. ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत सोडायचा नाही. पॅड हातात आले तेव्हा घाटातल्या आवाजाचा उलगडा झाला. बाहेरचा पॅड मला टॉर्चमध्ये दिसला होता तसाच, चांगला. आतला मात्र पार पत्र्यापर्यंत गेलेला, कडेला निळसर डाग, इतका तापलेला. मी बघत होतो तो भलताच पॅड.

कारण पिनेत निघालं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो, त्यातली खालची जाम होती. कॅलिपरमधला पिस्टन आतला पॅड दाबायचा, पण कॅलिपर सरकत नसल्यानं बाहेरच्या पॅडवर जोर येतच नव्हता. पान्यानं हळूहळू फिरवत, ओढत पिन काढायला अर्धा तास गेला. तिच्यावरचं रबर फाटलेलं होतं, आणि आत वाळलेली काळी माती. पावसाळ्यात वावरातून चिखलात गाडी घातली, तेव्हाची. गंज काचकागदानं घासून काढला. रबर आणायला भावाला मोटारसायकलवर तुळजापूरला पिटाळलं.

डिस्कवर नख फिरवलं तर अडकत होतं. फोटो मिस्त्रीला पाठवला. "खोल नाही, आता पॅड टाक, सवडीनं डिस्क लेथला लावून सपाट करू," म्हणाला. डिस्क काढायची तर आमच्या गाडीत बेअरिंग उघडावं लागतं. तिथं माझी अक्कल संपते.

आता पिस्टन आत ढकलायचा. जुना पॅड मधे धरून सी क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, आवळत गेलो. तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, बॉनेटमधून कायतरी सांडलालंय!" ब्रेक ऑइलची डबी भरून वाहत होती. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं ऑइल खाली जातं. भावानं दोन महिन्यांत दोनदा "कमी झालंय" म्हणून वरून भरलं होतं. ऑइल कमी होणं हाच इशारा होता, आणि आम्ही तो भरून टाकत होतो. हे ऑइल रंग खातं, म्हणून लगेच भरपूर पाणी ओतलं, डबीचं झाकण बंद ठेवून. मग झाकण काढून नव्या सिरिंजनं थोडं ऑइल काढून घेतलं आणि क्लॅम्प सावकाश आवळला.

उजवी बाजू पाऊण तासात उरकली. तिथल्या पिना हातानं सरकत होत्या.

एक गोष्ट मात्र भावाला सांगायची राहिली. पिस्टन आत ढकलल्यावर पहिले काही पेडल पोकळ जातात. गाडी सुरू करायच्या आधी पेडल दाबून दाबून कडक करून घ्यायचं असतं. मी हात धुवायला गेलो, आणि यानं गाडी गोठ्याकडं लावायला म्हणून काढली. पेडल थेट तळाला. गाडी जी गेली ती कडब्याच्या गंजीत घुसली. घाबरून त्यानं हँडब्रेक ओढला, तोवर चार पेंढ्या बॉनेटवर.

आबा ओट्यावरूनच म्हणाले, "कडबा हाय म्हणून वाचलास. ब्रेक बदललालाव का काढून टाकलालाव रं?"

नंतर मीच पेडल मारलं, सात-आठ दाबांत वर आलं. ऑइलची पातळी बघितली, पाइपाजवळ गळती नाही याची खात्री केली. संध्याकाळी रिकामी गाडी रस्त्यावर काढून पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू आणत वीसेक वेळा ब्रेक दाबला, मधे थोडं थोडं अंतर सोडून, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात. जोरात एकदाही दाबला नाही. आधी जरा जळका वास येत होता, नंतर गेला.

दोन दिवसांनी पुन्हा कांदा भरला, या वेळी 25 च गोण्या. घाटात स्टेअरिंग सरळ राहिलं. सकाळी पहिल्या दोन दाबांना अजून घासल्याचा बारीक आवाज येतो. डिस्क लेथला लावायची राहिलीच आहे.