पोस्ट दुबईत दिसते, इथे का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न नेहमीचा: "माझी पोस्ट इथे कुणालाच दिसत नाही, पण दुबईतल्या भावाला दिसते. मग ती काढलीय की नाही?"

काढलेली नाही. सोशल मीडिया कंपनीच्या सर्व्हरवर ती जशीच्या तशी आहे. भारतातून मागणाऱ्याला द्यायची नाही, एवढीच खूण तिच्यावर लागलीय. तुम्ही कुठे आहात हे मुख्यतः आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून, ठरतं आणि खरी गंमत तिथेच आहे. भारतीय सिम रोमिंगवर घेऊन कोणी दुबईला गेलं, तर त्याचा डेटा बहुधा भारतातल्या यंत्रणेतून फिरून बाहेर पडतो. बुर्ज खलिफाखाली उभं राहूनही त्याला पोस्ट बंदच दिसणार. उलट हिंजवडीत बसलेल्या माणसाच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे दुसरीकडून फिरवून नेणारी खाजगी जोडणी, अमेरिकेत निघत असेल, तर त्याला ती उघडी! तेव्हा खात्री करायची तर भावाला तिथल्या वायफायवरून बघायला सांगा.

हे बंद करण्याचा मुख्य रस्ता म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि २००९ चे नियम. सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकीच कारणं त्यात चालतात. बंदीची विनंती सरकारी समितीपुढे जाते, बाजू मांडायला किमान ४८ तास द्यावे लागतात. तातडीच्या प्रकरणात आधी बंद, समिती नंतर. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ राखलं, ते या सुनावणीच्या आणि लेखी कारणांच्या भरवशावर. घोडं अडतं ते त्याच नियमांतल्या नियम १६ पाशी. विनंती, तक्रार, कारवाई, सगळं गोपनीय. नोटीस बहुतेकदा कंपनीला जाते, लिहिणाऱ्याला नाही. मग कारणं लिहिलेली असून काय उपयोग?

इंटरनेट पुरवठादाराकडून बंद केलं तर प्रकार आणखी ओबडधोबड. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असल्यामुळे, त्याला पानाचा पूर्ण पत्ता दिसत नाही, फक्त संकेतस्थळाचं नाव दिसतं. म्हणून एका पानापायी अख्खं दुकान बंद होतं. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळं अशी बंद झाली; त्यात प्रोग्रामरांचं गिटहबही होतं.

देशापुरता पडदा नको, जगभर काढा, असंही न्यायालयं म्हणतात. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बाबा रामदेव यांच्या बदनामीच्या प्रकरणात भारतातून चढवलेला मजकूर जगभर हटवायला सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या न्यायालयाने गूगलला 'विसरलं जाण्याचा हक्क', म्हणजे आपल्या नावाच्या शोधातून दुवे काढून घेण्याचा हक्क, संघाबाहेर लागू करण्याची सक्ती केली नाही. मला देशापुरता पडदाच कमी वाईट वाटतो. नाहीतर सगळ्यात कडक देशाचा कायदा सगळ्यांच्या डोक्यावर बसेल.

आता करायचं काय? पोस्ट बंद केल्याचा कंपनीचा मेल आला असेल तर पुसू नका. पोस्टचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, भावाकडूनही एक मागवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा: कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सांगण्यावरून? उत्तर मोघमच येईल, पण ते याचिकेला जोडपत्र म्हणून लागतं. नंतर वकील गाठून राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात. आणि याचिकेत पोस्ट परत मागण्याआधीची मागणी ही ठेवा, की आदेशाची प्रत द्या.