दिवेघाट तेरा, नातेपुते सतरा

पंढरीच्या वारीत दिवेघाटाची मला धास्ती होती. पुण्याहून सासवड म्हणजे तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात ऐन उन्हात घाट. पण पुण्यातल्या मुक्कामात पाय ताजे झाले होते. घाटाच्या माथ्यावर नाडी मोजली, 130. कष्ट किती वाटले? तेरा.

हा आकडा माझ्या रोजच्या कामातला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलेल्या मोजपट्टीवर रुग्ण आपले कष्ट सहा ते वीसमध्ये सांगतात. आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात. घाटात हिशोब चोख जुळला.

मोडला तो बरडहून नातेपुत्याला जाताना. रस्ता सपाट, आभाळ भरलेलं, चाल संथ. नाडी जेमतेम 110 आणि कष्ट सतरा! मी दोनदा मोजून पाहिली. आजारी पडले की काय, अशी भीतीही वाटली.

खरं कारण मागच्या दिवसांत होतं. रोजच्या चालीने स्नायू सुजले होते, त्यातला साखरेचा साठा एका रात्रीत पुरता भरत नव्हता. दमलेल्या स्नायूकडून तेवढंच पाऊल उचलून घ्यायला मेंदूला जास्त जोराचा हुकूम सोडावा लागतो, आणि त्या हुकमाचा जोर म्हणजेच आपल्याला जाणवणारे कष्ट. हृदयाला त्याची फारशी खबर नसते. त्यात पहाटे तीनला उठणं. अपुऱ्या झोपेने नाडी फारशी बदलत नाही, कष्ट मात्र वाढतात. रुग्णांना हे कितीदा सांगितलं असेल, पण माझ्या मांड्यांना ते त्या दिवशी कळलं.

मी मागे पडत चालले होते. दिंडीतल्या एका आजींनी हाताला धरून मला टाळकऱ्यांच्या मागे आणलं. "माउली, रस्त्याकडं बघू नगंस. टाळावर पाय टाक." डोक्यावर तुळस घेऊन त्या तशाच चालत होत्या. पखवाजाच्या ठेक्यावर पाऊल पडू लागलं तसा आकडा पंधरावर आला. मध्यम वेगाच्या चालीत ताल कष्ट हलके करतो, हे खरंच आहे. पण स्नायूंची दुरुस्ती तालाने होत नाही. म्हणून नातेपुत्याच्या तळावर पोहोचताच पाठीवरची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकली, पिठलं-भात पोटभर जेवले आणि कीर्तनाला न जाता राहुटीत आडवी झाले. कीर्तन चुकल्याची रुखरुख अजून आहे. तरी वारीत कुणाला पाय जड वाटले, तर आज किती किलोमीटर आहेत हे विचारण्याआधी कालची झोप विचारा, असंच मी म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरला गोल रिंगण होतं. अश्व धावून गेले आणि आम्ही त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलो. गुडघे दुखले, पण वाकले. मग माळशिरसच्या वाटेवर नाडी पाहिली. 112, कष्ट तेरा. आजी पुढेच होत्या, तुळस तशीच डोक्यावर.