सातवं पुस्तक: जुजबंदी, कुरडईचा चीक आणि मामांच्या नावाची चिठ्ठी

सातवं पुस्तक शिकंज्यातून, म्हणजे बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायच्या चौकटीतून, बाहेर काढलं. टेबलावर ठेवून मधलं पान उघडलं, हात बाजूला घेतला आणि ते तसंच उघडं राहिलं. ज्यांनी स्वतः पुस्तक शिवलं आहे त्यांना हा आनंद समजावून सांगायला नको. पहिल्या सहांपैकी चार पुस्तकं हात काढला की मिटत होती.

मी नाशिकला एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते. बाइंडिंग माझ्या कामात येत नाही, तो छंद आहे. शनिवारी काउंटर बंद झाला की तळमजल्यावरच्या बाइंडिंगच्या खोलीत दोन तास बसते. शिकवणारे आमचे मामा. अख्खं ग्रंथालय त्यांना मामाच म्हणतं, प्राध्यापकसुद्धा. येत्या मार्चअखेर ते निवृत्त होतील, म्हणून शनिवार चुकवायचा नाही असं मी ठरवून टाकलंय.

ही खोली वर्षभरापूर्वी जवळजवळ बंदच पडली होती. आधी दर वर्षी नियतकालिकांचे अंक जमवून त्यांचे खंड बांधले जायचे, मामांचं निम्मं काम तेच होतं. मग एकेक जर्नल छापील यायचं थांबलं. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ऑनलाइन वाचायला मिळतात. तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपये मंजूर झालेत. आमच्या पीएच.डी.च्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी एका लेखासाठी पुण्या-मुंबईला ओळखीच्या कुणाला तरी फोन करावा लागायचा, आता ती मुलं माझ्यासमोर बसून तो उघडतात. पण बांधायला खंड उरले नाहीत, आणि मामांच्या टेबलावर जुनी रजिस्टरं साठायला लागली.

खोली पुन्हा सुरू झाली ती स्कॅनरमुळे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची कॉपीराइटची मुदत संपलेली आमच्याकडची जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करायचं आमच्या ग्रंथालयप्रमुख मॅडमनी ठरवलं. पहिल्याच आठवड्यात अडचण आली. निम्मी पुस्तकं उघडेनात. ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरं पाठीच्या खाचेत गडप. कारण ती बाजूच्या शिवणीची होती: पाठीपासून अर्धा-पाऊण सेंटीमीटर आत दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा, गाठ मारायची. ही शिवण मजबूत असते, झटपट होते आणि स्वस्त पडते, म्हणून ग्रंथालयांच्या बांधणीत ती सर्रास चालते. पण आतला समास ती खाऊन टाकते, आणि कागद जुना असला तर पान शिवणीच्या रेषेवरच तुटतं. मामांनी स्वतः अशी हजारो पुस्तकं शिवलीत. ते म्हणाले, “ताई, दिवसाला वीस पुस्तकं मागितल्यावर जुजबंदी कोण करू देणार? मला येत होती. माझ्या वडिलांनी शिकवलेली.”

ती जुजबंदी, म्हणजे पानांच्या घडीतून दोरा नेत केलेली शिवण, आता मी शिकतेय.

सातव्या पुस्तकाची हकिगत तपशिलात लिहिते, कारण आतापर्यंतच्या सगळ्या चुका त्यात सुधारता आल्या. १६० पृष्ठांचं, म्हणजे ८० पानांचं पुस्तक: सोळा पृष्ठांचे दहा फॉर्म. फॉर्म म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून झालेला जुडगा. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईतल्या पुस्तकांत प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. उसवण्याआधी हे आकडे जुळवून घ्या. मी पाचव्या पुस्तकाला ते केलं नव्हतं, आणि तिसरा व चौथा फॉर्म उलटसुलट शिवून बसले होते. जुनी शिवण ब्लेडने कापली, दोऱ्याचे तुकडे चिमट्याने उपसले. पाठीवरचा जुना सरस मऊ व्हायला खळीचाच ओला थर अर्धा तास ठेवला आणि बोथट पट्टीने खरवडला. पाणी थेट ओतू नका, छापलेल्या कागदावर डागाची कड उमटते.

आता पुस्तक मोकळं झालं, पण बाजूच्या शिवणीआधी कुणीतरी त्याची पाठ कटरने छाटली होती. म्हणजे घडीच शिल्लक नव्हती, सगळी सुटी पानं. जुजबंदी घडीतून होते. घडी नसेल तर ती तयार करावी लागते. दोन-दोन पानं समोरासमोर ठेवून मधल्या कडेला जपानी टिश्यूची (अगदी पातळ पण चिवट कागदाची) आठ मिलिमीटरची पट्टी चिकटवत गेले. ८० पानांना ४० पट्ट्या, तीन शनिवार. टिश्यू महाग आहे, पण दुसरा कागद वापरला की पाठ फुगते. पाठीकडची जाडी सगळ्यात आधी अशा पट्ट्यांनी वाढते आणि नंतर दोऱ्याने, हे गणित आधीच करून ठेवावं. मी या वेळी दोरा एक नंबर बारीक घेतला.

आता खळीबद्दल. इथे रेंगाळणार आहे. मामांची खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचुदाने कसर आणि बुरशी लांब राहते, हे खरं. पण त्यातलं तांबं कागदाला वर्षानुवर्षं आतून ठिसूळ करतं, म्हणून जतनाचं काम करणारे ते टाळतात. मैद्यात ग्लूटेनही असतं. कडक सुकतं, आणि किड्यांना आवडतं. हवा असतो तो गव्हाचा नुसता स्टार्च. मी तो बाहेरून मागवायच्या विचारात होते. एप्रिलमध्ये आई कुरडयांसाठी गहू भिजवत बसली होती, आणि मी पातेल्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्याशुभ्र चिकाकडे बघत राहिले. हेच तर ते! तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून, वरची निवळी टाकली की खाली उरतो तो स्टार्च. वाटीभर मागून घेतला. भिजवण्यात आंबटपणा येतो, तो कागदाला चालत नाही, म्हणून आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदललं. सहा वेळा बदलावं लागलं. मग चीक ताटात पसरून वाळवला आणि बरणीत भरला. लागेल तेव्हा एक भाग चीक, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस मिनिटं. दुधाळ रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झाली. गार करून मलमलमधून दोनदा गाळायची.

मामांनी बोटावर घेऊन बघितली, दोन बोटांत ताणली. “मऊ आहे,” एवढंच म्हणाले. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच्या पुस्तकाला माझ्या बरणीतली खळ घेतली.

एक इशारा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ही खळ दोन दिवसांवर टिकत नाही. मी चार दिवस ठेवली आणि वर काळे ठिपके आले. पावसाळ्यात लागेल तेवढीच शिजवा.

शिवणीबद्दल मामांची एकच सूचना मला सगळ्यात उपयोगी पडली: दोरा पाठीला समांतर ओढा, वर उचलून ओढलात तर घडी चिरते. दोऱ्याला आधी मेण लावा. पुठ्ठ्याला कप्पा बोर्ड दोन मिलिमीटरचा, आणि त्याचा ग्रेन, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर. तिसऱ्या वहीला मी आडवा ठेवला होता आणि तिचे पुठ्ठे आजही होडीसारखे वाकलेले आहेत. कॅलिको कापड पेठेतून आणलं.

आता १२ ऑगस्टबद्दल. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. दर वर्षी आमच्याकडे एखाद्याला शाल-श्रीफळ मिळतं. या वर्षी मॅडमनी वाचनकक्षात टेबलं मांडून सांगितलं, प्रत्येकाने हाताने केलेलं काहीतरी आणायचं. तांत्रिक विभागातल्या ताईंनी गोधडी आणली, तिचे टाके मी भिंग लावून बघितले. वृत्तपत्र विभागातले दादा गोदाघाटाची जलरंग चित्रं काढतात हे नऊ वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं. मी माझ्या सहाही वह्या-पुस्तकं मांडली, वाकलेलीसुद्धा, कारण शिकणाऱ्याला तीच जास्त उपयोगी.

मामा रिकाम्या हाताने आले. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, “माझं काम रॅकवर आहे मॅडम, इथं कुठं मांडू?”

मग आम्ही तिघं ट्रॉली घेऊन रॅकमध्ये गेलो. मामांची बांधणी ओळखता येते: अस्तराला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूच्या कागदाला, निळा मार्बल कागद, आणि गाठ नेहमी मधल्या भोकावर, आतल्या बाजूला. अर्ध्या तासात ट्रॉली भरली. दोन मजल्यांपैकी एकच झाला होता. ती ट्रॉली तशीच टेबलाशेजारी उभी केली. मामा बराच वेळ एकेक पुस्तक उघडून बघत होते. एकदोन ठिकाणी त्यांनी मान हलवली आणि पुस्तक बाजूला काढून ठेवलं, पुन्हा शिवायला.

त्या दिवशी एक निर्णय झाला, तो मला शालीपेक्षा मोलाचा वाटतो. आमच्या बाइंडिंग रजिस्टरात तारीख, दाखल क्रमांक, खर्च अशी सगळी रकानेवारी आहे. कुणी बांधलं याचा रकाना कधीच नव्हता. आता दुरुस्त झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या अस्तरावर छोटी चिठ्ठी लागते: बांधणी कुणाची, महिना, वर्ष, खळ कोणती. खळीचं नाव माझ्या आग्रहाने आलं, कारण पन्नास वर्षांनी हे पुस्तक उसवणाऱ्याला ते कळलं पाहिजे. हीच माहिती कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रतीच्या सार्वजनिक टिपेत भरतो, म्हणजे कॅटलॉगवर पुस्तक शोधणाऱ्यालाही मामांचं नाव दिसतं. मामांच्या जुन्या कामाची नोंद मी दुपारच्या सुट्टीत रोज दहा-दहा पुस्तकं अशी करतेय. २१४ झाली. तुमच्यापैकी कुणी ग्रंथालयात असाल तर हे करून बघा, काहीही खर्च येत नाही.

सातवं पुस्तक सोमवारी स्कॅनला गेलं. सगळी १६० पृष्ठं, खाचेतल्या अक्षरांसकट, स्वच्छ आली.

आठव्याला पाठ गोल करायला शिकायची आहे. हातोडी हलकी हवी, मारायची नाही, ढकलायची, असं मामा म्हणतात. चीक अर्धी बरणी उरलाय, पुढच्या कुरडयांपर्यंत पुरवायचा आहे.