तर मी काय म्हणत होते

सायकलवर गप्पा मारायच्या तर रस्ता गुळगुळीत नसला तरी चालतो, मोकळा मात्र हवा. कात्रज ओलांडून साताऱ्याच्या दिशेने निघालं की महामार्गावर तोंड उघडायची सोयच नसते. पहाटेचे ट्रक, पहिली एसटी, रात्रभर धावून पेंगुळलेल्या खासगी बस. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, एकामागे एक, आम्ही सहाजण. पुढचा ओरडतो, ‘खड्डा!’ मागचा त्याच्या मागच्याला सांगतो, ‘खड्डा!’ मग ‘काच!’, मग ‘वाळू!’, मग ‘कुत्रं!’ पन्नाशीकडे झुकलेली, एरवी भरपूर बोलणारी माणसं शिरवळचा चहा येईपर्यंत नुसती नामं बोलतात; क्रियापदाला वाव नाही.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाईकडे वळलं की शाळा सुटल्यासारखा गलका होतो. कडेला वडाची झाडं, रहदारी विरळ. रांग आपोआप मोडते, दोघादोघांच्या जोड्या पडतात. ‘तर मी काय म्हणत होते,’ म्हणत आमची बँकेतली मैत्रीण सुरू होते. खरं तर ती काहीच म्हणत नव्हती. पण खंबाटकी चढताना सगळं मनातल्या मनात बोलून झालेलं असतं, त्यामुळे निम्मं आम्ही ऐकलंच आहे अशी तिची समजूत असते. आम्हीही विचारत नाही. मधूनच शिरायची सवय झाली आहे.

एवढं लांब सायकलवर जाऊन तुम्ही करता काय, असं लोक विचारतात. व्यायाम होतो, डोंगर दिसतात, ताजी हवा मिळते, ही उत्तरं मीही देते आणि ती खोटीही नाहीत. पण व्यायामाला घरामागची टेकडी पुरते. माझ्यापुरतं विचाराल तर मी या बोलण्यासाठी जाते. दिवसभर चालणारं, दर पाच मिनिटांनी तुटणारं आणि कशाचाच निकाल न लावणारं बोलणं शहरात आता कुणाला परवडत नाही. इथे कुणी किती बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे रस्ता ठरवतो.

वाराही ठरवतो. सपाटीवर वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून शहाणा माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे लपतो. जोरात जाणाऱ्या सायकलच्या अगदी मागे राहिलं तर पाव हिश्श्याहून जास्त कष्ट वाचतात. पावसाळ्याच्या तोंडावर ताम्हिणीकडे निघालं की समोरून वारा असतो, आणि तेव्हा आमचा धिप्पाड वकील एकदम लोकप्रिय होतो. त्याच्यामागे जागा मिळावी म्हणून चढाओढ लागते. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी जायचं आणि दुसऱ्याने पुढे यायचं, असा नियम आहे. वकिलाला तो नियम पोटकलमांसकट पाठ आहे. बाकीच्यांना पुढे यायची वेळ आली की नेमकी चेन वाजायला लागते.

घाटात हे सगळं बंद. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट बारा-एक किलोमीटरचा, चढ सहाशे मीटरच्या आसपास. तासाला सात-आठ किलोमीटरच्या वेगाला वारा अडवणार तरी किती, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून काही मिळत नाही. भांडण वजनाशी असतं आणि वजन ज्याचं त्याचं. सपाटीवरच्या सोबतीला निदान भौतिकशास्त्राचा आधार असतो. घाटात एकमेकांबरोबर राहायला मैत्री सोडून दुसरं कारण उरत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं कारण पहिल्या दोन वळणांनंतर पुरत नाही. डॉक्टर, म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर, पुढे निघून जातो. मास्तर मध्ये कुठेतरी. मी आणि बँकवाली मागे. सगळ्यांत धाकट्याच्या हँडलवर चढाची टक्केवारी दाखवणारं यंत्र आहे आणि ती मोठ्याने सांगायची त्याला सवय आहे. ‘नऊ टक्के!’ चढ किती आहे ते मांड्यांना कळलेलंच असतं. आकडा ऐकून मन खचतं, एवढाच त्याचा उपयोग. खाली वाई, कृष्णा, मागे धोम धरणाचं पाणी असं सगळं उलगडत जातं आणि ते बघायला थांबण्याची चैन करता येते. ‘फोटो काढते गं,’ म्हणायचं. फोटोला जरा वेळच लागतो.

वर पोचलेल्यांनी थांबायचं, हे सगळेच ग्रुप पाळतात. त्यातला अन्याय मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतो. पहिला येणारा अर्धा तास बसतो, पाय पसरतो, कणीस खातो. शेवटचा धापा टाकत येतो आणि पाय टेकायच्या आत पहिला उठून म्हणतो, ‘चला, आले सगळे!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्याच्या वाट्याला ती येतच नाही. आमच्याकडे यावर बराच खल झाला. आता शेवटचा माणूस स्वतःहून ‘चला’ म्हणेपर्यंत कुणी हेल्मेटला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. या अधिकाराचा बँकवालीने पहिल्याच वेळी कणसं, आलं घातलेला चहा आणि परत कणसं असा सविस्तर उपभोग घेतला.

पाचगणीकडून पुढे रस्ता थोडा सैल होतो आणि जोड्या पुन्हा जमतात. या वेळी निराळ्या. सकाळच्या टप्प्यात राजकारण, मुलांच्या परीक्षा, गुडघे, कुणाच्या सोसायटीतली भांडणं निघालेली असतात. शंभराव्या किलोमीटरच्या आसपास तो साठा संपतो. माणूस दमलेला असतो आणि चातुर्य करायची ताकद उरत नाही. त्यात दोघंही समोर बघत असतात. खड्डे चुकवायचे म्हणजे बघावंच लागतं. एरवी घरी समोरासमोर बसून, चहाचे कप मध्ये ठेवून वकील वडिलांच्या आजारपणाबद्दल कधी बोलला नसता. मला तर खात्री आहे, तो बोललाच नसता. सायकलवर तो बोलला, हँडलकडे बघत. मध्ये एक टँकर आला, आम्ही एकामागे एक झालो, टँकर गेला, पुन्हा बाजूला आलो, तेव्हा तो दोन वाक्यं पुढे गेला होता. मी ती परत विचारली नाहीत. पुरुषांना बोलतं करायचं असेल तर त्यांना समोर बसवू नये, शेजारी चालवावं, हे माझं निरीक्षण मी आमच्या घरीही वापरून बघितलं आहे. कारमध्ये थोडाफार फरक पडतो.

तोंडासमोर तोंड येतं ते पंक्चर झाल्यावर. महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा पसरलेल्या असतात, आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे. काटा दिसतो, तार दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवून ती शोधावी लागते आणि ती न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही जाते. मग रस्त्याच्या कडेला सहा डोकी एका टायरवर झुकतात. एकजण काम करतो, पाचजण सल्ले देतात. ‘ओ, हवा कमी भरा’, ‘छे, जास्त भर’, ‘तू व्हॉल्व्ह तिरका बसवलास’. तेवढ्यात शाळेला निघालेली, दप्तर कॅरिअरला लावलेली एखादी मुलगी तिच्या जडशीळ सायकलवर शेजारी येऊन थांबते. ‘कुठून आलात?’ पुण्याहून. ‘सायकलवर? का?’ या ‘का’ला आमच्यापैकी कुणालाही आजवर नीट उत्तर देता आलेलं नाही. मास्तर भूगोलाचा असल्यामुळे तिला सह्याद्री सांगू लागतो. ती घंटी वाजवून निघून जाते, आणि गिअर नसलेल्या त्या सायकलवर पुढचा चढ न उतरता चढते, हे आम्ही सगळे बघतो आणि कुणीच बोलत नाही.

कोकणातलं गणित वेगळं. नकाशावर किनारा म्हणजे सपाट, असं वाटून लोक फसतात. इथे गाव खाली खाडीशी आणि दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे वरचं खडकाळ पठार. दर सड्यावर चढायचं आणि दर गावात उतरायचं, दिवसभर. पण मला तो रस्ता आवडतो तो फेरीबोटींसाठी. दिघी–आगरदांडा, बागमांडले–वेशवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. डॉक्टर कितीही पुढे गेला तरी खाडीशी त्याला थांबावंच लागतं. बोट सुटायच्या आत मागचे येतात आणि त्याने मिळवलेली सगळी मिनिटं पाण्यात जातात. सायकली कठड्याला टेकवून आम्ही मोटारवाल्यांच्या मध्ये उभे राहतो. बोटीवर चढ नाही, वारा अडवायचा नाही, खड्ड्याची वर्दी द्यायची नाही. तरी गंमत अशी की तिथे कुणाला फारसं बोलायचं नसतं.

पुरुषमंडळी कुठल्याही झुडपाआड थांबतात. आम्हा दोघींचा हिशोब पेट्रोलपंपांवर चालतो, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप लांब-लांब. मग एखाद्या अंगणात जाऊन विचारायचं. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. परत निघताना पाणी येतं, कधी कोकम सरबत, आणि बरोबर ठरलेला प्रश्न येतो, ‘घरचे सोडतात?’ बँकवालीचं उत्तरही ठरलेलं आहे: ‘घरचेच म्हणतात, जा.’ यावर त्या बायकांना जे हसू येतं त्यात चौकशी कमी आणि ओळख जास्त असते. अशाच एका घरातल्या वहिनी म्हणाल्या, ‘मी पण चालवायची हो, लग्नाआधी.’ मागच्या पडवीत त्यांच्या मुलाची सायकल होती. दहा मिनिटांनी त्या रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या, साडी खोचून, आणि ब्रेक नीट नाहीत म्हणून मुलाला तिथूनच ओरडल्या.

आमच्यातल्या तिघांना ब्रेव्हेचा नाद आहे. मूळ प्रकार फ्रेंच. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वाटेत ठिकठिकाणी आलात याची नोंद. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत येणारे सगळे सारखेच. या मंडळींची पंढरी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिस, सुमारे 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास. 1891 मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली, आता चार वर्षांतून एकदा हौशी लोकांसाठी होते आणि आपल्याकडचेही अनेकजण जाऊन येतात. धाकट्याचा डोळा तिकडे आहे. वकिलाचा डोळा दर टप्प्यावरच्या आम्लेटवर आहे.

600 मध्ये रात्र आडवी येते. तीनच्या सुमाराला पेडल मारता मारता डोळे मिटायला लागतात आणि हे खरोखर धोक्याचं असतं. थांबून वीस मिनिटं आडवं व्हावं हा उत्तम उपाय. पण थांबायला जागा मिळेपर्यंत बोलत राहावं लागतं आणि त्या वेळी बोलण्यासारखं काही सुचत नाही. मास्तरने दिडकी, अडीचकी म्हणून बघितली. त्याने उलट झोप आली. मग गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. टेल लाइटच्या लाल ठिपक्यांच्या मागोमाग तिघांचे बेसूर आवाज, आणि गावागावांतली कुत्री कोरसला. वकिलावर ‘ढ’ आला. त्याने एक गाणं म्हटलं. ते गाणं ‘ढ’ने सुरू होत नाही, मधल्या ओळीपासून धरलंस, भेंडी चढली, असं धाकटा म्हणाला. वकील म्हणाला, गाणं कुठून सुरू करावं याबद्दल आधी काहीही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे संशयाचा फायदा त्याला मिळाला पाहिजे. मास्तरने सायंकाळच्या टप्प्यावर कुणीतरी घेतलेल्या मधल्या कडव्याचा दाखला दिला. वकिलाने तो दाखला या प्रकरणाला लागू होत नाही असं सविस्तर मांडलं. झोप कधीच उडाली होती. पुढचा टप्पा येईपर्यंत तीस किलोमीटर झाले, वाद संपला नव्हता, आणि कार्डावर शिक्का मारायला बसलेल्या, शाल पांघरलेल्या गृहस्थांसमोर वकिलाने हेल्मेटसकट उभं राहून आपली बाजू पहिल्यापासून मांडली. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळात बघून वेळ लिहिली, शिक्का मारला आणि विचारलं, ‘पोहे की आम्लेट?’