नावडतीची गोष्ट, उजवीकडून डावीकडे

"पुस्तक उलटं धरलंयस की काय गं?"

संध्याकाळची ठाणे गाडी, लेडीज डबा. मी नेरूळला चढते, काकू तुर्भ्याला. त्यांच्या मांडीवर पसरलेला पेपर आणि त्यावर मेथीची जुडी. देठं पेपरात, पानं पिशवीत. माझ्या हातात मांगा, म्हणजे चित्रकथा, आणि मी मागच्या पानापासून सुरुवात केलेली. उलटं नाही हो, जपानी आहे, उजवीकडून डावीकडे वाचायचं, असं सांगितलं. काकूंनी मान वाकवून मुखपृष्ठ पाहिलं. "लहान मुलांचं आहे?"

मी ४४ वर्षांची, दिवसभर जीएसटीची रिटर्नं भरणारी बाई. "थोडं लहानांचं, थोडं मोठ्यांचं," म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की राजपुत्र, जादू, शाप आणि हाताला हात लागायला दीडशे पानं, हे सगळं मला मनापासून आवडतं. लॉकडाउनमध्ये भाची नौपाड्यात आमच्याकडे अडकली होती. जाताना तिची पुस्तकं राहिली आणि मी बिघडले.

काकूंना राहवेना. "बरं, गोष्ट काय आहे?"

गोष्ट सोराता अकिझुकी यांची, जपानमध्ये २००६ साली सुरू झालेली. शिरायुकी, म्हणजे आपली हिमगौरी, पण केस सफरचंदासारखे लालभडक. औषधी वनस्पती जाणणारी. देशाच्या राजपुत्राला ते केस आवडतात आणि हुकूम सुटतो की हिला माझी रखेल करून आणा. (हा शब्द मी डब्यात हळूच उच्चारला, तरी पलीकडच्या दोघींनी मान वळवलीच.) तर ही बाई काय करते? कात्री घेते, केस कापून मागे ठेवते आणि रातोरात सीमा ओलांडते. पलीकडच्या देशाचा राजपुत्र जंगलात भेटतो. विषारी सफरचंदही येतं, पण ते चावतो राजपुत्र, आणि उतारा शोधायचं काम तिच्याकडे येतं.

काकूंनी मेथीचं देठ मोडलं. "म्हणजे आपली नावडतीच की."

मी घणसोलीपर्यंत गप्पच बसले. कारण हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं.

आजीचे डोळे अधू झाल्यावर श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. दर सोमवारी तीच कहाणी. आटपाट नगराच्या राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचा गोठा. रानात नागकन्या-देवकन्या भेटतात, वसा सांगतात. शेवटी देऊळ सोन्याचं होतं, राजा खुंटीवर पागोटं ठेवतो, मग मोठं देऊळ नाहीसं होतं, आणि विसरलेलं पागोटं आणायला राजा परत जातो तर तिथे एक छोटंसं देऊळ आणि खुंटीवर पागोटं. हे पागोटं मला अजूनही कुठल्याही काचेच्या बुटापेक्षा आवडतं. एवढा चमत्कार झाला आणि पुरावा काय, तर खुंटीला लटकलेलं सासऱ्याचं पागोटं!

पण एका सोमवारी मी वाचता वाचता थांबले. बहुतेक सहावीत होते. म्हटलं, आजी, ज्यांनी उष्टं घातलं त्यांचीच आवडती कशाला व्हायचंय हिला? आजी फुलवाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग कुठे जाईल ती?"

तेव्हा काही बोलता आलं नाही. आज वाटतं, मी ही सगळी पुस्तकं त्या एका प्रश्नासाठी वाचते. शिरायुकी निघू शकते, कारण तिला पाला ओळखता येतो. पुढे राजवाड्यात ती जाते ती राजपुत्राचा हात धरून नव्हे, औषधशाळेत शिकाऊ म्हणून, रीतसर परीक्षा देऊन. मरिसा मेयरच्या २०१२ सालच्या कादंबरीतली सिंड्रेला तर मेकॅनिक आहे, बाजारात बसून यंत्रं दुरुस्त करते आणि स्वतः अर्धी यंत्र आहे. (पुस्तक वाचायचं असेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट नाही, अख्खं लोखंडी पाऊलच मागे राहतं.

मूळ परीकथेची मोडतोड केली म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मूळ म्हणजे कुठली हो? ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. चुंबनबिंबन दोन्हीकडे नाही, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा धक्क्याने बाहेर पडतो, एवढंच. आणि आपल्याकडची मौज बघा. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर, तिने आयाकडून ऐकलेल्या दख्खनी गोष्टी १८६८ साली इंग्रजीत छापल्या. त्यात एका राजकन्येचा जोडा डोंगरावरून खाली पडतो आणि राजपुत्राला सापडतो. तिचा प्राण गळ्यातल्या हारात, आणि तो हार सवत चोरायला लावते. सिंड्रेलाला सवत! हे एखाद्या मांगावाल्याने मनावर घ्यायला हवं.

आता तक्रारी. इंग्रजी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर काटे, मुकुट, कट्यार. पुन्हा काटे, मुकुट, कट्यार. आत काय आहे ते मुखपृष्ठावरून कळण्याची सोय नाही. पहिल्या भागातली धीट नायिका तिसऱ्या भागात राणी होऊन भाषणं देते, तिथे मी जांभया देते. आणि मांगातला तो प्रसिद्ध प्रसंग, नायक नायिकेच्या डोक्यावरून भिंतीला हात टेकवतो आणि हिचं काळीज धडधडतं! मी रोज सकाळी ठाण्याहून जाताना कुणाच्या ना कुणाच्या टेकलेल्या हाताखाली उभी असते. काळीज ढिम्म. फक्त पावडरचा वास कळतो.

जपानी चित्रकथांत शांततेलाही आवाज असतो, हे मात्र भन्नाट. कुणीच काही बोलत नसलं की चित्रात "शीन" असं लिहितात. भांडण झाल्यावर आमच्या घरात जे पसरतं ते हेच, आपण त्याला नाव दिलं नाही.

काकूंना मी पहिला भाग वाचायला दिला. मुलीकडून वाचून घेते म्हणाल्या. आठवड्याने परत आला, आत खुणेला तिकिटाचा कपटा, आणि तोही नको त्या टोकाला.

"डावीकडूनच वाचलंत ना?"

"सवय गं. शेवट आधी कळला तर काय बिघडलं? कहाणीचा शेवट माहीत असतोच की." मग पिशवीतून मटार काढत म्हणाल्या, "पण त्या परीक्षेत ती पास होते ना?"

होते, म्हटलं.

"मग दुसरा आण. सोमवारी मी नाहीये, मंगळवारी आण."